थोरलीचं दार

पडद्यावर टकटक करता येत नाही. एवढी साधी गोष्ट थोरली तीस वर्षं घरच्यांना समजावत होती आणि घरचे तिच्याच खोलीत उभे राहून ते समजून घेत होते.

थोरली म्हणजे तीन भावांतल्या मोठ्याची बायको. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात तेलकट तारांशी झटापट करून घरी यायचा आणि आल्यावर बोलायला काही शिल्लक नसल्यासारखा बसून राहायचा. मधला दीर बेकरीत भट्टीवर होता आणि भट्टीपुढे उभं राहूनही माणूस जाड होऊ शकतो याचा चालताबोलता पुरावा होता. मधली जाऊ घरी बसून कागदी पाकिटं चिकटवायची. धाकटा दीर बसमध्ये कंडक्टर, अजून एकटाच. आणि सासूबाई. त्यांना स्वतःचं काही काम नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं काम अंगावर घेतलं होतं आणि त्यात एक दिवस खाडा नव्हता.

ही सहा माणसं सायकलच्या दुकानावरच्या चार खोल्यांत राहायची, आणि चार पगारांत मिळून एका घराचं भागवायची. काटकसर हा शब्द तिथे कोणी वापरत नसे, कारण तिला वेगळं नाव द्यावं असं कोणाला वाटतच नव्हतं. साबणाचा तुकडा नव्या वडीला चिकटवायचा, वर्तमानपत्र सायकलवाल्याचं वाचून झालं की आणायचं, खोलीतून शेवटी निघणाऱ्याने दिवा मालवायचा, हे श्वास घेण्यासारखंच होतं. चहाची पावडर दोनदा उकळायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. तिसऱ्यांदा उकळायची की नाही यावरून घरात दोन तट होते.

थोरली स्वतः शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होती. लांबलचक टेबलावर कापडाचे थर घालायचे, वर खडूने आखायचं आणि कापायचं. तिची आखणी अशी, की दोन बाह्यांच्या मधल्या बेचक्यातून कॉलर निघायची आणि कॉलरच्या बगलेतून खिसा. या बाईच्या टेबलाखाली झाडायला काही सापडत नाही, अशी झाडूवालीची तक्रार होती.

मात्र एका बाबतीत तिचा हात सैल होता. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, उद्या अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया सोडणं म्हणतात. शाळकरी पोरांच्या कपड्यांत ती भरपूर सोडावी लागते, आणि थोरलीच्या हाडीमाशी ती सवय भिनली होती. घरातल्या सगळ्यांचे कपडे तीच बेतायची, त्यामुळे घरातली सगळी माणसं कपड्यांच्या आत कुठेतरी असायची.

"वहिनी, मी तिशी ओलांडली," धाकटा शर्टाच्या बाह्या दुमडत म्हणायचा. "आता काही वाढायचा नाही."

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी नाही सांगितलं, पण अंदाज आहे."

"असू दे. धुऊन आटेल."

तीन धुण्यांनंतर शर्ट आटायचा नाही, पण धाकट्याची तक्रार आटायची.

वर्षातून एकदा, थोरल्याचा बोनस झाला की पुढच्या रविवारी, घराचं वर्षाचं अंदाजपत्रक बसायचं. अंदाजपत्रक म्हटलं की कागद आला, पण यांनी कागद कधीच सोडून दिला होता. कागदावरचा आकडा कमी झालेला कोणाला दिसत नाही. समोरचा ढीग कमी झालेला आंधळ्यालाही कळतो. म्हणून बटणं. थोरली कारखान्यातली टाकाऊ बटणं जमवून आणायची. सगळ्यांच्या वर्षाच्या कमाईइतकी बटणं पलंगावर ओतायची. कोटाचं मोठं बटण म्हणजे महिन्याचं भाडं, शर्टाचं म्हणजे एवढे पैसे, बारीक झबल्याचं म्हणजे तेवढे. मग भाड्याचा ढीग, किराण्याचा ढीग, दिव्याचा, औषधाचा, चपलांचा, असं करत करत सगळे मिळून बटणं सरकवायचे. किराण्यातून चपलांकडे बटण गेलं की मधली ओरडायची, औषधातून काही हललं की सासूबाई खोकायच्या.

सगळं वाटून झाल्यावर जो लहानसा ढीग उरायचा, तो पाळीचा. एका वर्षी थोरलीचा, दुसऱ्या वर्षी मधलीचा, मग धाकट्याचा, मग सासूबाईंचा. ज्याची पाळी त्याने आपल्याला हवी ती वस्तू घ्यायची आणि बाकीच्यांनी अंगमेहनतीने हातभार लावायचा.

थोरलीला हवं होतं दार.

बाहेरची मोठी खोली सगळ्यांची होती. तिच्या आतली लहान खोली थोरलीची आणि तिच्या नवऱ्याची, आणि या दोन खोल्यांमध्ये होता पडदा. शिवाय घरातलं एकमेव मोठं कपाट त्याच लहान खोलीत. त्यात इस्त्री, कात्री, औषधाची बाटली, छत्र्या, हातोडी, धाकट्याचा चांगला शर्ट. त्यामुळे पहाटेपासून त्या खोलीत रांग. "येऊ का?" असं सगळेच विचारायचे, पण आत येऊन झाल्यावर. थोरली साडी नेसत असो, पडलेली असो, रडत असो, "चालू दे तुमचं, मी फक्त इस्त्री घेते," असं म्हणून मधली इस्त्री घ्यायची आणि मग पलंगाच्या काठावर बसून शेजारणीची हकिकत सांगायची.

थोरलीची पाळी याआधी आली नव्हती असं नाही. पण पहिल्या खेपेला छत गळायला लागलं. दुसऱ्या खेपेला सासूबाईंचा मोतीबिंदू काढावा लागला. पट्टी सुटल्यावर सासूबाईंना सगळ्यात आधी स्वच्छ काय दिसलं असेल, तर थोरलीच्या खोलीचा पडदा. तो मळलाय, असं त्या म्हणाल्या.

यंदा पाळी पुन्हा आली. पाळीचा ढीग पलंगाच्या कडेला जमला आणि मधल्याने घसा साफ केला.

"वहिनी, मी म्हणतो, यंदा एखादी जुनी स्कूटर बघावी का? सगळ्यांच्याच उपयोगाची."

"सगळ्यांच्या म्हणजे कशी?"

"म्हणजे चालवीन मी. पण सगळ्यांना पाव गरम मिळेल."

"पाव बेकरीतून गरमच निघतो," मधली पाकिटं दुमडता दुमडता म्हणाली. "वाटेत पानपट्टीवर गार होतो."

सासूबाईंनी बटणांकडे बघितलं. "अगं थोरले, दार कशाला हवंय तुला? आपल्याच माणसांपासून काय लपवायचंय?"

"लपवायचं काहीच नाही, आई. तीच तर पंचाईत आहे. लपवण्यासारखं काही जमायला सवड तर मिळाली पाहिजे!"

"या वयात?"

"या वयातच."

धाकट्याला हसू आलं, ते त्याने शर्टात दडवलं. शर्टात जागा होती.

"अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी," थोरली नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने आधी छताकडे बघितलं. मग म्हणाला, "दार लागल्याशिवाय लिफ्टसुद्धा हलत नाही."

त्याच्या मानाने हे मोठंच भाषण होतं. थोरलीने त्या ढिगावर पालथा तळहात ठेवला. "दोनदा सोडली पाळी. यंदा नाही म्हणजे नाही. पुढची पाळी यायला पुन्हा चार वर्षं. तोवर मी चार वर्षांनी म्हातारी होईन आणि तुम्ही चार वर्षांनी जास्त आत याल."

दार ठरलं.

ढीग लहान, तेव्हा नवं दार परवडणारं नव्हतं. मग हातभार सुरू झाले. मधल्याने जुन्या दारा-खिडक्यांच्या वखारीतून पाडलेल्या दवाखान्याचं एक भक्कम दार मिळवलं आणि बेकरीच्या हातगाडीवरून सुताराकडे नेऊन टाकलं. सुतार धाकट्याच्या बसने रोज जाणारा, त्याच्या ओळखीने मजुरी निम्मी झाली. दार रुंद होतं, ते कापून बेतायचं होतं. सुतार म्हणाला, घरी येऊन माप घेतो. पण येणार म्हणजे येण्याचे पैसे आले, वर चहा आला, आणि पाहुण्याला दुसऱ्यांदा उकळलेला देता येत नाही. घरात कटर असताना माप घ्यायला परका माणूस कशाला, असं एकमताने ठरलं.

थोरलीने टेप लावला. चौकट तीस इंच भरली. तिने मधल्याला सांगितलं, "बत्तीस." तिचा हिशेब सरळ होता: लाकूड जास्त झालं तर रंधा मारता येतो, कमी पडलं तर ओढून वाढत नाही.

मधला जिना उतरता उतरता मनाशी हसला. वहिनींचं माप आपल्याला माहीत नाही का! आपल्या विजारीत अजून एक माणूस राहील. त्याने दोन इंच वजा करून धाकट्याला सांगितलं, "तीस."

धाकट्याने अंगातल्या शर्टाकडे बघितलं. माप वहिनीचं, म्हणजे दोन इंच माया आलीच. दादाच्या हे कुठलं लक्षात येणार? सुताराला बसमध्ये तिकीट देता देता तो म्हणाला, "अठ्ठावीस."

थोरल्याला वाटलं, बायकोचं एवढं मनातलं काम, आपण एकदा नजर टाकावी. कामावर जाताना तो सुताराच्या दुकानात शिरला. "किती माप दिलंय?"

"अठ्ठावीस."

"घरून आलंय?"

"घरूनच."

तीस वर्षं ज्याने बायकोने बेतलेले कपडे घातले, त्याने जराही विचार केला नाही. "दोन कमी कर," म्हणाला आणि समाधानाने लिफ्टच्या कामावर गेला. त्या दिवशी तो शीळ घालत होता असं त्याच्या सोबत्याने सांगितलं, आणि त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

उंची तेवढी बरोबर होती. उंचीबद्दल कोणी कोणाला मदत केली नव्हती.

रविवारी दार आलं. पडदा काढून झाला होता आणि त्याची चार फडकीही करून झाली होती, कारण या घरात रिकामं कापड तासभरही पडून राहत नसे. दोघांनी दार उचललं, चौकटीत उभं केलं. बिजागऱ्यांच्या बाजूला ते छान बसलं. दुसऱ्या बाजूला चार इंचांची फट राहिली.

मधलीने फटीतून हात घातला, तो हातातल्या कपासकट आरपार गेला.

"पडदा बरा होता," सासूबाई म्हणाल्या. "निदान पुरता झाकायचा."

"मी बत्तीस सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

"हो, म्हणून मी दोन कमी केले," मधला म्हणाला.

"तुम्ही कमी केलेत?" धाकट्याचा चेहरा उतरला. "मग मी कशाला केले?"

दोघांनी थोरल्याकडे बघितलं. थोरला दाराची कडी पुसत होता. पुसायला तिच्यावर काहीच नव्हतं.

"अहो, तुम्ही पण?"

"मदत म्हणून," तो म्हणाला.

"कापलेली पट्टी कुठे आहे?" थोरलीने विचारलं. कटर बाई कापड कमी पडलं की आधी कपटे शोधते.

पट्टी सासूबाईंच्या पायाखाली होती. वाया जायला नको म्हणून धाकट्याने सुताराकडून तिचं पाय ठेवायचं स्टूल करून आणलं होतं, चार तुकडे करून, खिळे ठोकून. सासूबाईंनी मुकाट्याने पाय उचलले. स्टूल सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं आणि परत खाली ठेवलं. त्याचं पुन्हा दार होण्यासारखं नव्हतं.

थोरली ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टेप गुंडाळला आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. पण आता पडदाही नव्हता. ती रागावून बसलीय हे सगळे उभे राहून बघत होते. मधली तर हनुवटीला हात लावून बघत होती. रुसायलाही दार लागतं, हे थोरलीला त्या दिवशी नव्याने कळलं. ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरून सायकलच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसली.

"हवा भरायचीय?" दुकानदाराने सवयीने विचारलं.

"काढायचीय," थोरली म्हणाली. "तिघांची."

तिला रडू येत होतं आणि ते रस्त्यावर येतंय याचा जास्त राग येत होता. बारा वर्षांत तीन पाळ्या. एक छताला, एक डोळ्याला आणि एक मदतीला. वाईट असं कोणी वागलं नव्हतं, तेच फार वाईट होतं. कोणी लबाडी केली असती तर भांडून मोकळी झाली असती. माणसं जीव लावून मदत करायला धावली आणि त्यांनी तिघांनी मिळून तिचं दार खाल्लं.

समोर दुकानदार एका सायकलच्या सैल कडीत काहीतरी पातळ पत्र्याचं सरकवून ती घट्ट करत होता. थोरली आधी नुसती बघत होती. मग नीट बघायला लागली. दार वाढणार नव्हतं, कारण त्यात माया उरलीच नव्हती. पण अंगापेक्षा सैल झालेल्या कापडाचं आपण रोज काय करतो? आत घेतो. दार सोडा, चौकट आत घ्यायची! दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच. आत घेण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ती वर गेली तेव्हा घरात मदत पुन्हा सुरू झाली होती. मधली त्या फटीवर पाकिटांचा खाकी कागद चिकटवायच्या बेतात होती. मधला म्हणत होता की फटीपुढे कोणीतरी उभं राहिलं तरी चालेल, आळीपाळीने. धाकटा पुढे आला, मान खाली घालून.

"वहिनी, माझी पाळी तुम्ही घ्या. मला काही नकोय तसंही."

त्याला त्या पाळीत जोडे आणि एक पलंग घ्यायचा होता, म्हणजे पुढेमागे लग्नाचं कोणी विचारलं तर दाखवायला काही असावं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरलीचा राग तिथेच निम्मा झाला, पण तिने तो तसा दाखवला नाही.

"तुझी तू ठेव. पलंगाचं माप मात्र मी देणार नाही, सुतारालाच बोलाव. भावोजी, बेकरीत पावाच्या मोडक्या ट्रेच्या फळ्या पडलेल्या असतात ना? त्या आणा. अहो, तुमची पिशवी काढा, स्क्रू लागतील. आणि आता एकानेही डोकं चालवायचं नाही. मी सांगीन तेवढंच."

मधला फळ्या आणायला धावला. त्याला धावताना घरात प्रथमच कोणी पाहिलं असेल. फळ्या आल्या, त्यांना पावाचा वास होता. थोरलीने खडूने आखून दिलं. थोरला पहिला स्क्रू लावणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. आधी कपाट बाहेर काढा."

"कपाट कशाला?" मधलीने विचारलं.

"चौकट आत घेतली की ते जन्मात बाहेर निघायचं नाही."

"मग राहू दे की आतच. आजवर आतच होतं."

"आणि उद्या त्याचा पाय मोडला, तर? भिंत फोडायची? भिंतीची बटणं कोणाच्या ढिगातून काढायची, तेवढं सांगा."

भिंत फोडायचा खर्च म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तिघा भावांनी मिळून कपाट हलवलं. ते कुरकुरत, घासत, दाराशी तिरपं होत बाहेर आलं आणि मोठ्या खोलीत सासूबाईंच्या खुर्चीशेजारी उभं राहिलं. सासूबाईंना ते आवडलं. कपाटातून कोण काय काढतं ते आता त्यांना बसल्या जागी दिसणार होतं.

संध्याकाळपर्यंत चौकट दोन्हीकडून आत आली. दार बसलं. बंद केलं तर वाऱ्याची झुळूकही आत जाईना. मधल्याने आत जाऊन बघायचं ठरवलं, तर त्याला तिरपं व्हावं लागलं.

"वहिनी, श्वास सोडून यावं लागतंय."

"मग नका येऊ, भावोजी."

मधली कपाटाकडे बघत होती, मग दाराकडे, मग पुन्हा कपाटाकडे. "म्हणजे ताई, इस्त्री आता बाहेरच?"

"बाहेरच."

"आणि कात्री? आणि औषध?"

"सगळं बाहेर."

"मग आत यायचं कशाला?"

"तेच म्हणते मी," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर थोरलीने हातपाय धुतले, चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि आत जाऊन दार लावलं. कडी सरकवली. पलंगावर बसली. मग पाय वर घेतले. मग आडवी झाली. बाहेर एकदम शांतता पसरली, आणि तिला कळलं की सगळे दाराबाहेर उभे आहेत.

"बरं वाटत नाही का गं तिला?" सासूबाईंचा आवाज.

"मगाशी तर ठीक होत्या," मधली कुजबुजली. मग टकटक झाली. पहिली टकटक फारच हळू होती, सवय नसल्यामुळे. "ताई? काय करताय?"

"काही नाही."

"मग दार कशाला लावलंय?"

"काही न करायला."

यावर बाहेर बराच वेळ विचार झाला. कोणीतरी म्हणालं की चिंतेचं कारण नसावं, कोणीतरी म्हणालं की असंच सुरू होतं. खुर्ची सरकली. कपाटाचं दार करकरलं. थोरली छताकडे बघत पडून राहिली. छतावर एक डाग होता, तो एवढ्या वर्षांत तिने कधी पाहिला नव्हता, कारण पाठीवर पडून वर बघायला तिला कधी कोणी दिलंच नव्हतं. डाग बशीसारखा गोल होता. ती त्याच्याकडे मनसोक्त बघत राहिली.

थोड्या वेळाने जिन्यावर जड पावलं वाजली. थोरला आला. त्याने सवयीने हात पुढे केला, तो लाकडावर आपटला.

टकटक झाली.

"कोण?"

"मी."

"थांबा जरा."

थोरला थांबला. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि बायकोने थांबायला सांगितल्यावर नेमकं कुठे थांबायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने अवजारांची पिशवी कपाटापाशी ठेवली. मधल्याने त्याच्यासाठी जागा केली.

"दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आत काय चाललंय?"

"मला काय विचारतोस?" थोरला बूट काढता काढता म्हणाला. "मी बाहेर आहे."